लग्नाचा चौक आणि लग्नगडी

(जालन्यातील मस्तगड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आफ्रिकी समाजांतील कला आणि धर्म यांविषयी मी बोलावे, असे तुम्ही सुचविलेत. मराठवाड्याला आफ्रिका अगदीच परकी नाही. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर १६२६ साली वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे. तथापि आफ्रिकेचा प्रश्न मला प्रथम उमगला तो डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर.

वारल्यांकडे लग्न निघाले म्हणजे सवाशिणी गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते. लग्न लावणारी धवलेरी हीही स्त्रीच. ते चित्र शोभेचे नव्हे, विधीचेच अंग होय. नायजेरियातील बेनिनच्या राजघराण्यात दिवंगत राजांची पितळी मस्तके पूर्वजांच्या वेदीवर ठेवीत, तीही याच अर्थाने. १८९७ साली इंग्रज फौजेने ते नगर लुटले आणि वेदीवरची मस्तके युरोपच्या काचपेट्यांत 'शिल्पे' होऊन बसली. जर्मनीने २०२२ साली काही परत केली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने अद्याप आपला साठा सोडलेला नाही.

इथवर आपले कलारसिकही हळहळतात. पण ज्या लग्नासाठी चौक लिहिला जाई, त्याच लग्नासाठी वारली जमीनदाराकडून कर्ज काढी आणि 'लग्नगडी' होऊन बायकोसह त्याच्या शेतावर राबे. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने ही गुलामी मोडली. ते कम्युनिस्ट होते, आपल्या पक्षाचे नव्हते. श्रेय त्यांचेच आहे.

आपल्यातील काही बुद्धिवादी मित्र म्हणतील, दोष धर्माचाच. मला ते पटत नाही. चौकाला मूठभर तांदूळ पुरतात. वारली कर्जात बुडाला तो जमीन हातची गेली म्हणून.

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने हे चित्र कागदावर आले. जिव्या सोमा म्हसे १९८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आफ्रिकी कलावंतांच्या पंक्तीला बसले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा मान सर्वथा रास्तच होता. मात्र पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नावे कुणी टिपून ठेवली नाहीत, आणि कागदाबरोबर पैसा आला तो प्रथम पुरुषांच्या हाती.

आज तीच नक्षी साड्यांवर नि कपांवर छापून विकली जाते. जालन्याच्या बाजारात अशी साडी दिसली तर दुकानदाराला एवढेच विचारा, हिच्या किमतीतले किती पैसे पाड्यावर पोचले? तो बहुधा हसेल, तरी विचारा.