पाटी रंगविणारा हात

शहराची भाषा ओळखावयाची असेल तर तेथील दुकानांच्या पाट्या वाचाव्यात. हैदराबादेत तर पाट्यांवरून इतिहासही वाचता येतो. निजामाच्या राजवटीत कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही त्याच भाषेतून दिले. सप्टेंबर १९४८ मध्ये ही राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. १९६६ च्या कायद्याने तेलुगू राजभाषा ठरली. राज्ये बदलली, परंतु पाट्या रंगविणाऱ्या पेंटरचा धंदा बुडण्याचे कारण नव्हते. लिपी बदलली की नवी पाटी त्यालाच रंगवावी लागे.

हे काम दिसते तितके सोपे नव्हे. एकाच पत्र्यावर उर्दू, तेलुगू आणि इंग्रजी अक्षरे बसवावयाची असतात. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. तिच्या नस्तालीक वळणात शब्द वरून खाली तिरपा उतरतो. तेलुगूची अक्षरे वाटोळी, त्यांना वर-खाली चिन्हांसाठी जागा हवी. इंग्रजी अक्षरे सरळ रेघेवर उभी राहतात. खडूने रेघा आखता येतात. पण दोन अक्षरांमधील अंतर केवळ पट्टीने साधत नाही. ते डोळ्यांना सारखे दिसावे लागते, आणि डोळ्यांना हे वळण लागण्यास वर्षे जातात.

या विद्येवर आघात केला तो यंत्राने. चारमिनारजवळचा छत्ता बाजार उर्दू छपाईसाठी आणि कातिबांसाठी, म्हणजे हस्तलेखनकारांसाठी, प्रसिद्ध. संगणकावर नस्तालीक जुळविता येऊ लागले तशी कातिबाची लेखणी मागे पडली. पुढे फ्लेक्स आले आणि पेंटरच्या कुंचल्यावरही तीच वेळ आली. रंगाचे थर वाळावयास दिवस लागतात. फ्लेक्स काही तासांत तयार होतो, आणि स्वस्तही पडतो. दुकानदाराने तो पत्करला, यात त्याचा दोष काय?

तथापि हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. फ्लेक्स उन्हात विटतो, फाटतो आणि कचऱ्यात जातो. शंभर मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी फलकांवर केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून बंदी घातली, ती अशा कचऱ्यापायीच. रंगविलेला पत्रा मात्र पुसून पुन्हा रंगविता येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. यंत्राजवळ स्वतःचे अक्षर नसते. १९८१ साली नूरी नस्तालीक हा संगणकीय टंक तयार झाला, तेव्हा त्यातील हजारो अक्षरजोडण्या मिर्झा अहमद जमील या सुलेखनकाराने आधी हाताने लिहिल्या होत्या. तेलंगण राज्यात २०१७ पासून उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा आहे. परंतु कायद्याने भाषेला मान मिळतो, अक्षराला वळण मिळत नाही. ते हातातून हातात जाते. एखादा दुकानदार आजही पेंटरला बोलावून पाटी रंगवून घेतो, तेव्हा पाटीच्या मोलाबरोबर एका हाताचा सरावही तो टिकवून ठेवीत असतो.