‘यल्ला’च्या पुढची अरबी

आठवड्याचा एक शुक्रवार मिळतो. त्यात कपडे धुवायचे, रेशन आणायचं, घरी फोन करायचा, तरी तुम्ही वेळ काढून आलात. म्हणून लांबण लावत नाही. विषय साधाच आहे: रोज लागणारी अरबी.

तुम्ही म्हणाल, ती तर येते आम्हाला. येतेच. साईटवर महिनाभर काढला की कुणालाही येते. यल्ला म्हणजे चला. शुवय्या शुवय्या म्हणजे हळूहळू. माफी म्हणजे नाही. बुकरा म्हणजे उद्या. खल्लीवल्ली म्हणजे सोड रे. पण ही यादी जरा नीट बघा. हे शब्द फोरमन बोलतो आणि आपण उठतो, किंवा गप्प बसतो. आपला पगार, आपला पासपोर्ट, आपली सुट्टी मागायचे शब्द त्यात नाहीत. ते साईटवर कुणी शिकवत नाही. आपले आपणच शिकायचे.

हे का महत्त्वाचं, ते सांगतो. कतारचा कामगार कायदा म्हणजे २००४ चा कायदा क्रमांक १४. त्यात लिहिलंय की करार आणि बाकीचे कागद अरबीत पाहिजेत. सोबत दुसऱ्या भाषेतलं भाषांतर जोडता येतं, पण दोन्हींत फरक निघाला तर अरबी मजकूर खरा धरला जातो. म्हणजे सही आपली आणि खरा मजकूर आपल्याला न वाचता येणारा.

पण घाबरायचं कारण नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, तो कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आणायला. तरी कितीतरी अरबी शब्द आपल्या चावडीत आणि घरात राहिलेच. त्यांचा आता उपयोग करून घेऊ. हिशेबाला इथे हिसाब म्हणतात. हक्क म्हणजे हक्कच. तारीख म्हणजे तारीखच. आपण दुधाचा रतीब लावतो, म्हणजे ठरलेलं, ठरल्या वेळी, दारात. इथल्या कागदावर ‘रातिब’ म्हणजे पगार. तोही ठरलेला आणि ठरल्या वेळीच मिळायचा असतो. बोलताना लोक ‘मआश’ म्हणतात.

काही शब्द मात्र फसवतात. ‘तक्रार’ इथे म्हणाल तर त्याचा अर्थ होतो पुन्हा पुन्हा करणं. आपल्या तक्रारीला ‘शकवा’ म्हणायचं. ‘नक्कल’ मागाल तर समोरच्याला ‘नक्ल’ ऐकू येईल, म्हणजे एकीकडून दुसरीकडे नेणं, बदली. कागदाची प्रत पाहिजे असेल तर ‘नुस्खा’ मागा. ‘इजाजा’ म्हणजे परवानगी नव्हे, रजा.

उच्चाराचंही लक्षात ठेवा. पासपोर्टला ‘जवाज’ म्हणतात, पण इजिप्तचा माणूस त्यालाच ‘गवाज’ म्हणेल. अरबीत ‘प’ नाही, म्हणून पाटलाचा ‘बातील’ होतो आणि पवाराचा ‘बवार’. हसू नका, ‘बातिल’ म्हणजे अरबीत रद्द, खोटं! आपलं नाव बताक्यावर म्हणजे ओळखपत्रावर, करारावर आणि बँकेत एकसारखं आहे ना, ते आजच बघून घ्या.

आकडे तर आधी शिका. अरबी कागदात गोल काढलेला आकडा शून्य नसतो, तो पाच असतो. शून्य म्हणजे नुसता ठिपका. वर उघडा चिमटा दिसला तर सात, तोच उलटा असला तर आठ. अक्षरं उजवीकडून डावीकडे चालतात, पण आकडा आपल्यासारखाच डावीकडून उजवीकडे वाचायचा. मग पगाराचा कागद बघा. २० मार्च २०२१ पासून इथे मूळ पगार किमान १,००० रियाल आहे. कंपनी राहायला देत नसेल तर ५०० आणि जेवण देत नसेल तर ३०० वर. एक आणि पुढे तीन ठिपके, एवढं तर प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे.

आता चार कागदांची नावं पाठ करा. ‘अक्द’ म्हणजे करार. त्याची एक प्रत तुमच्याकडे पाहिजे. ‘इजाजा’ म्हणजे रजा. वर्ष पूर्ण झालं की वर्षाला तीन आठवडे, पाच वर्षांनंतर चार, तीही पगारी. ‘इस्तिकाला’ म्हणजे राजीनामा. घरी जायच्या घाईत पुढ्यात आलेला कागद इजाजा आहे की इस्तिकाला, हे न विचारता सही केली तर परतीची नोकरीच जाते.

चौथा शब्द सगळ्यात मोठा: ‘मुखालसा’. खलास तर आपल्याला गावापासून ठाऊक आहे. मुखालसा त्याच घरातला. सगळा हिशेब मिळाला, आता माझं काही येणं नाही, असं लिहून देणारा तो कागद. नोकरी सोडताना तो पुढे येतो. त्यात राहिलेला पगार, न घेतलेल्या रजेचे पैसे, आणि वर्ष पूर्ण झालं असेल तर दर वर्षामागे किमान तीन आठवड्यांचा मूळ पगार, एवढं बघायचं. ‘आधी सही कर, पैसे बुकरा’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा: ‘मा इस्तलम्त’, मला मिळालेलं नाही. कागदाचा फोटो काढा, कळणाऱ्याला दाखवा, मग ठरवा. न कळणाऱ्या कागदापुढे ‘अना मा अफहम’, मला समजत नाही, हे म्हणायला लाजू नका.

पासपोर्टसाठी एकच वाक्य: ‘वेन जवाजी?’ माझा पासपोर्ट कुठे आहे? राहण्याचा परवाना झाला की मालकाने तो परत द्यायचा असतो, असं २०१५ चा कायदा क्रमांक २१ सांगतो. तुम्ही स्वतः लेखी सांगितलं तरच तो ठेवून घेता येतो, आणि मागितला की द्यावाच लागतो.

शेवटचं उन्हाचं. १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन, उघड्यावर काम बंद, हा नियम आहे. एरवीही डोकं फिरायला लागलं तर नुसतं ‘तआबान’ म्हणू नका. त्याचा अर्थ दमलो असाही होतो आणि फोरमन दुर्लक्ष करतो. ‘अना दाईख’ म्हणा, मला चक्कर येतेय. साथीदार पडला तर ९९९ लावा आणि ‘इसआफ’ म्हणा, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स.

बस, इतकंच. हे शब्द वहीत मराठीत लिहा, खोलीतल्या नेपाळी, बंगाली भावांनाही सांगा. रोज दोन शब्द केले तरी आठ-दहा दिवसांत पुरे होतात. आणि कुणाच्या हातात आज न कळलेला कागद असेल, तर जेवायला जायच्या आधी इकडे आणा. एकत्र बसून बघू.