क्वचित् घडणारा दोष



मी मालेगांवचा एक निवृत्त शिक्षक. आमच्या गांवीं यंत्रमागांचा खडखडाट अहोरात्र चालतो. एखाद्या मागावर धागे वारंवार तुटूं लागले म्हणजे पहिला ठपका विणकरावर येतो. परंतु वैशाखांतील कोरड्या दुपारीं हवेंत ओलावा नसला कीं सुती धाग्याची ताकदच घटते. तोच विणकर आणि तोच माग असतां पावसाळ्यांत धागा टिकतो. दोष नित्य दिसता, तर त्याचा उलगडाहि लवकर होता. तो अधूनमधून दिसतो, म्हणूनच जवळचा माणूस बळी पडतो.

संगणकांच्या जगांतील अशीच एक हकीकत आज सांगावयाची आहे. एका संगणकास इतर संगणकांशीं जोडणारें जें नेटवर्क कार्ड असतें, त्यास चालविणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. सप्टेंबर २००८ मध्यें लिनक्स या प्रणालीच्या २.६.२७ या आवृत्तीची चांचणी चालू होती. त्या वेळीं कांहीं संगणकांतील इंटेल कंपनीचीं कार्डें एकाएकीं निकामी झालीं. कार्डाच्या कायम स्मृतींत त्याचा पत्ता व मांडणी नोंदलेली असते. तीच बिघडून गेली होती. संगणक बंद करून पुन्हां चालू केला तरी उपयोग नव्हता. शोध घ्यावा, तर दोष पुन्हां घडवून आणला पाहिजे. आणि तो घडला कीं एक कार्ड गेलें! शिवाय बोलावल्या वेळीं तो येईलच, असाहि भरंवसा नव्हता.

संशय अर्थातच ‘ई-१०००-ई’ नांवाच्या त्या कार्डाच्या ड्रायव्हरवर आला. पडद्यावर चित्र दाखविणाऱ्या ड्रायव्हरवरहि आला. इंटेलच्या अभियंत्यांनीं मात्र एक शहाणपण केलें. कारण सांपडण्याची वाट न पाहतां त्यांनीं कार्डाच्या स्मृतीस कुलूप घातलें, म्हणजे तींत कोणास कांहीं लिहितां येऊं नये.

खरा अपराधी ऑक्टोबरांत सांपडला, आणि तो तिसराच निघाला. प्रणालीच्या अंतर्गत हालचालींची नोंद ठेवणारी ‘एफट्रेस’ नांवाची एक सोय होती. ती आज्ञावलींतील कांहीं जागांचे पत्ते टिपून ठेवी व मागाहून तेथें जाऊन फेरफार करी. मध्यंतरीं एखादी जागा रिकामी होऊन नेमकी कार्डाच्या वांट्यास आली, तर जुन्या यादीवर विसंबून ती परक्याच्या घरांत लिही. असा योगायोग क्वचित् जुळे. म्हणून दोषहि क्वचित् घडे. पुढें २.६.२७.१ या आवृत्तींत त्या सोयीचा हा फेरफार करणारा भाग बंद करण्यांत आला.

दोष घडला तेव्हांची नोंद आपण सारेच ठेवतों. तो घडला नाहीं तेव्हांचीहि ठेवावी, आणि मग दोहोंतील फरक शोधावा. तोंवर जवळ सांपडेल त्यास अपराधी ठरवूं नये. वर्गांतील खिडकीची कांच फुटली कीं खिडकीजवळच्या मुलास मी उभा करीत असें. त्यांतील किती मुलें त्या ड्रायव्हरप्रमाणें निरपराध होतीं, याचा हिशेब आतां लागावयाचा नाहीं.