आंतरजालावरील साधने आणि खेड्यातील वर्ग
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रस्तरीय परिषदेसाठी तयार केलेले भाषण)



माढा तालुक्यातील परितेवाडी हे नाव काही वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्याबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते. ३ डिसेंबर २०२० रोजी तेथील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना वार्की फाउंडेशनचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा जागतिक पुरस्कार जाहीर झाला आणि ते नाव देशोदेशी पोहोचले. १४० हून अधिक देशांतून आलेल्या १२ हजारांहून अधिक शिक्षकांच्या नावांतून ही निवड झाली होती. पुरस्काराची रक्कम दहा लाख डॉलर होती, आणि तिचा निम्मा भाग अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे त्यांनी त्याच वेळी जाहीर केले. वृत्तपत्रांतून गाजली ती ही रक्कम आणि हे औदार्य. शिक्षकाने विचारावयाचा प्रश्न मात्र निराळा आहे. त्या शाळेत नेमके घडले काय, आणि त्यातील काय आपल्या शाळेत आणता येईल, हा तो प्रश्न होय.

श्री. डिसले २००९ साली या शाळेत रुजू झाले. पाठ्यपुस्तकाच्या पानावर एक लहानसे चौकोनी चिन्ह लावावयाचे आणि ते फोनने टिपताच त्या पाठाशी संबंधित कविता ऐकू यावी, चित्रफीत दिसावी, गोष्ट किंवा स्वाध्याय मिळावा, ही त्यांच्या प्रयोगाची कल्पना. त्या चिन्हालाच क्यूआर कोड म्हणतात. प्रयोग यशस्वी ठरल्यावर २०१७ साली राज्य शासनाने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड देण्याचे जाहीर केले, आणि २०१८ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने एनसीईआरटीच्या पुस्तकांबाबतही तसेच जाहीर केले. आज बालभारतीचे पुस्तक उघडले की हा चौकोन दिसतो. एका वाडीवरील शाळेत आरंभलेली गोष्ट देशातील मुलांच्या दप्तरांत पोहोचली, ही जिल्ह्यास भूषणावह अशी घटना आहे.

या चौकोनाचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. कारण ते समजले म्हणजे त्याची मर्यादाही समजते. क्यूआर कोड हा जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ साली तयार केला, आणि तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. त्याच्या तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकटींवरून यंत्राला चिन्हाची दिशा कळते. उरलेल्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत अक्षरे व अंक साठविलेले असतात. चिन्हाचा काही भाग पुसला गेला तरी ते वाचता यावे, अशी गणिती योजना त्यात केलेली असते. परंतु त्या ठिपक्यांत कविता नसते आणि चित्रफीतही नसते. त्यांत असतो तो केवळ पत्ता. पाकिटावर पत्ता सुवाच्य असला म्हणून आतील पत्र चांगलेच असेल असे नव्हे. त्याचप्रमाणे या चिन्हाचे मोल त्याच्या दुसऱ्या टोकाशी काय ठेवले आहे यावर ठरते. परितेवाडीचा खरा धडा येथे आहे. पानावर चौकोन छापणे हे काम छापखान्याचे. कोणत्या पाठाशी मूल अडते, त्याला काय ऐकविले तर उमजेल, हे जाणणे काम शिक्षकाचे. दुसरे काम वगळून केवळ पहिले केले, तर पुस्तकाचे पान सजेल, पण मुलाचे ज्ञान वाढणार नाही.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, आंतरजालावरचे साधन कोठे वापरावे आणि कोठे वापरू नये. यासाठी एक साधा निकष पुरेसा आहे. गाव जे दाखवू शकते ते पडद्यावर दाखवू नये. गाव जे दाखवू शकत नाही त्यासाठी पडदा उघडावा. मंगळवेढ्याच्या शिवारात ज्वारीची कणसे डोलत असताना वर्गात बसून ज्वारीची चित्रफीत पाहणे हा वेळेचा अपव्यय होय. विहिरीवरचा पंप, वारुळातील मुंग्यांची रांग, कुंभाराचे चाक, आठवड्याच्या बाजारातील मापे ही सर्व शाळेच्या हाकेच्या अंतरावर असतात. उलट सोलापूर जिल्ह्यातील बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. भरती-ओहोटी हा शब्द त्यांना पाठ असतो, पण एकच किनारा सकाळी पाण्याखाली आणि दुपारी उघडा पडलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. तेथे तीन मिनिटांची चित्रफीत तीन पानांच्या वर्णनाहून अधिक काम करते. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज येथे १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. माळढोकांची संख्या आता इतकी घटली आहे की, जवळच्या गावातील मुलालाही तो दिसणे दुर्मीळच. त्याची हालचाल दाखविणारी चित्रफीत पाहून मूल माळरानाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागेल, तर पडद्याचे सार्थक झाले.

दुसरा प्रश्न पद्धतीचा. एक उदाहरण घेऊ. पंढरपुरापाशी भीमा नदीला चंद्रभागा म्हणतात. कारण तेथे तिचे पात्र चंद्रकोरीसारखे वळते. हे वाक्य मुले सहज पाठ करतात. हाच पाठ घेणाऱ्या शिक्षकाने आदल्या दिवशी उपग्रहाने टिपलेला पंढरपूरचा नकाशा फोनवर उघडून त्याचे चित्र जतन करून ठेवावे, म्हणजे वर्गात जोडणी मिळाली नाही तरी अडणार नाही. तासाच्या आरंभी फोन खिशातच असावा. फळ्यावर एक प्रश्न लिहावा : ‘नदी सरळ का वाहत नाही?’ मुलांनी आपापले तर्क सांगावेत. मग नकाशा दाखवावा आणि वळण कोणत्या बाजूस आहे, गाव कोणत्या काठावर आहे, पूल कोठे आहेत, हे मुलांकडूनच शोधून घ्यावे. त्यानंतर पडदा बंद करावा. उरलेल्या वेळात मुलांनी अंगणात वाळूचा उतार करून पाणी सोडावे, वळणाच्या बाहेरची कड कशी खचते आणि आतल्या बाजूस वाळू कशी साचते ते पाहावे, आणि वहीत नदीची आकृती काढावी. अशा तासात पडद्याला पाच-सहा मिनिटांहून अधिक वाटा नसतो, पण तेवढ्याने बाकीचा तास उजळतो. पडदा बंद झाल्यावर मुलाला काय सांगता येते, काय लिहिता येते आणि काय करता येते, हीच त्या साधनाची परीक्षा समजावी. मुले किती तन्मयतेने पाहत होती, ही परीक्षा नव्हे. मुले जाहिरातही तन्मयतेने पाहतात.

साधनांची वाण आता नाही. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचावर पाठ्यपुस्तकांना जोडलेले साहित्य अनेक भारतीय भाषांत मिळते आणि ते फोनवर उतरवून जोडणीवाचूनही वापरता येते. बालभारतीची पुस्तके संगणकीय रूपात विनामूल्य उपलब्ध आहेत. मराठी विश्वकोशाचे खंड आंतरजालावर वाचता येतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाने आंतरजालावर खुले केले आहेत. पूर्वी हे ग्रंथ पाहण्यासाठी शहरातील ग्रंथालय गाठावे लागे. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर सचित्र बालकथा विनामूल्य आहेत, आणि कित्येकदा एकच कथा अनेक भाषांत आढळते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागांत ज्या मुलांची घरची भाषा कन्नड आहे, त्यांच्या शिक्षकांना याचा मोठा उपयोग आहे. तीच गोष्ट आधी कन्नडमध्ये ऐकून मग मराठीत वाचणाऱ्या मुलाला शब्द परके वाटत नाहीत. शहरातील विणकर वस्तीत घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांसाठीही हाच मार्ग खुला आहे.

परंतु जे छापलेले दिसते ते खरे, ही समजूत पुस्तकापेक्षाही आंतरजालावर अधिक घातक ठरते. कोणताही मजकूर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात : तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, आणि दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणी त्याला पुष्टी मिळते काय. चांगला ग्रंथही कालांतराने काही बाबतींत जुना होतो. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून २००६ साली वगळण्यात आले. त्यापूर्वीच्या लेखात नऊ ग्रह आढळणारच. सोलापूरच्या शेजारच्या जिल्ह्याचे नाव २०२३ पासून धाराशिव झाले आहे. जुन्या नकाशात उस्मानाबाद दिसेल. ही त्या लेखकांची चूक नव्हे, पण वाचणाऱ्याने वर्ष न पाहणे ही चूक होय. अलीकडे प्रश्न विचारताच सफाईदार उत्तर लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. त्यांची भाषा आत्मविश्वासाची असते, परंतु उत्तर खोटे असले तरी भाषा तशीच राहते. म्हणून अशा उत्तराला फळ्यावर स्थान देण्यापूर्वी ते ग्रंथाशी ताडून पाहावे. आणि वरच्या वर्गांत तर हे ताडून पाहण्याचे कामच मुलांकडून करवून घ्यावे. यंत्राच्या उत्तरातील चूक शोधून काढणारे मूल त्या दिवशी पाठाहूनही मोठे काही शिकते.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे, आणि तो म्हणजे ज्या मुलाच्या घरी फोन नाही त्याचा. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या. राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हा उपक्रम चालला आणि फोनवरून अभ्यास पाठविला जाऊ लागला. त्या काळात एक कठोर सत्य उघडे पडले. कित्येक घरांत फोन नव्हता. काही घरांत एकच होता, आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर असे. सोलापूर शहरातील नीलमनगर ही कापड कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबांची वस्ती. तेथील आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी त्या वेळी सुमारे ३०० घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगविले. अक्षरे, आकडे, व्याकरण आणि विज्ञानाचे पाठ गल्लीतील भिंतींवर उमटले, आणि मुले अंतर राखून येता-जाता अभ्यास करू लागली. परितेवाडीचा कोड आणि नीलमनगरची भिंत ही दोन्ही उदाहरणे एकाच जिल्ह्यातील आहेत आणि त्यांत विरोध नाही. दोन्ही ठिकाणी शिक्षकाने आधी मूल कोठे उभे आहे ते पाहिले आणि मग साधन निवडले.

यावरून वर्गासाठी काही नियम ठरवून घेता येतील. ज्या अभ्यासासाठी फोन आवश्यक आहे तो घरचा अभ्यास म्हणून देऊ नये. तो शाळेतच, गटाने करावा. एका फोनभोवती पाच-सहा मुलांचा गट बसवावा आणि फोन धरण्याची पाळी रोज बदलावी; नाहीतर तो धीट मुलाच्याच हाती राहतो आणि मागे बसणाऱ्या मुलीपर्यंत कधीच पोहोचत नाही. गैरहजर राहिलेल्या किंवा आईवडिलांबरोबर ऊसतोडीसाठी गेलेल्या मुलासाठी पाठातील मुख्य गोष्ट एका कागदावर लिहून ठेवावी. काम संपताच फोन दृष्टीआड ठेवावा. शिक्षणातील तंत्रज्ञानाविषयीच्या युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक अहवालानेही, फोन नुसता जवळ असला तरी मुलांचे लक्ष विचलित होते, याकडे लक्ष वेधले आहे.

मुलांची खासगी माहिती हाही शिक्षकाच्या विश्वस्तपणाचाच भाग आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. मुलाचे नाव, छायाचित्र किंवा गुणपत्रक कौतुकाच्या भरात सर्वांसमोर मांडण्यापूर्वी पालकांना विचारावे. ज्या संकेतस्थळावर मुलाचे नाव व जन्मतारीख दिल्याखेरीज गोष्टही वाचता येत नाही, ते टाळावे. चांगल्या गोष्टी त्याखेरीजही पुष्कळ मिळतात.

बंधुभगिनींनो, जिल्ह्यातील प्रत्येक शाळेला जागतिक पुरस्कार मिळणार नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. आवश्यकता आहे ती आठवड्यातून एक पाठ निवडण्याची : जो वर्षानुवर्षे मुलांना अवघड जातो आणि जो केवळ शब्दांनी उलगडत नाही असा पाठ. त्यासाठी योग्य साधन शोधावे, आदल्या दिवशी स्वतः पाहावे, तपासावे, जतन करावे. वर्गात मोजका वेळ दाखवावे. मग पडदा मिटून मुलांना बोलू द्यावे, करू द्यावे. आणि काय साधले, काय नाही, याची चार ओळींची नोंद ठेवावी. केंद्रातील दहा शाळांनी अशा नोंदी एकमेकांना दिल्या, तर वर्षअखेर शेकडो तपासलेले पाठ सर्वांच्या हाती येतील, आणि त्यामागे कारखान्याच्या अंदाजाऐवजी वर्गाचा अनुभव असेल. साधनाची निवड कोणत्या मुलासाठी चालली आहे, हे मात्र प्रत्येक वेळी आधी ठरवावे. आणि त्या निवडीत, घरी फोन नसलेल्या मुलाचे नाव यादीत पहिले असावे.