बर्फातलं घर आणि एकटी बाई

आज एका बाईची खरी हकीकत सांगते.

नॉर्वेच्याही पलीकडे, पार उत्तरेला स्पिट्सबर्गेन नावाचं बेट आहे. हिवाळ्यात तिथे कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. १९३४ साली ऑस्ट्रियाची चित्रकार क्रिस्तियाने रिटर तिथे वर्षभर राहायला गेली. नवरा तिथे शिकार करायचा. खडकाळ किनाऱ्यावर एवढीशी लाकडी खोली. आसपास झाड नाही, शेजार नाही. चुलीला लाकूड समुद्रातून वाहून आलेलं, पाणी बर्फ वितळवून.

एकदा नवरा आणि त्याचा साथीदार शिकारीला गेले आणि वादळ सुटलं. बाई अनेक दिवस एकटी. बर्फ घरावर चढत होता. भीती वाटली, तरी ती उठायची, फावडं घ्यायची, बर्फ उपसायची, चूल पेटती ठेवायची. तिथले जुने लोक सांगत, अंधारात नुसतं बसून राहिलं की मन खचतं. हाताला काम हवं, रोज थोडं बाहेर पडायला हवं.

पुढे तिनं त्या वर्षावर पुस्तक लिहिलं. १०३ वर्षं जगली.

बायांनो, कामानं तिला तारलं. पण हाक मारायला तिला कोणी नव्हतं. आपल्याला आहे. घरचे कामाला परगावी गेले आणि गटातली एखादी एकटी राहिली, तर दोन दिवसांआड तिच्या दारात जा. तिनं बोलावण्याची वाट बघू नका.