हातातले काम आणि मनातला प्रश्न

(विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात केलेले भाषण)



या व्यासपीठावर दरवर्षी एखादे प्राध्यापक किंवा मोठे अधिकारी बोलतात. यंदा कार्यकारिणीने बँकेतल्या एका कारकुनाला उभे केले आहे. निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बँक अधिकारी’ असे छापले आहे, ते केवळ प्रेमापोटी. मी काउंटरवरचा लिपिक. शिक्षण बी.ए., विषय इतिहास. विषय मला दिला आहे तो असा : ‘दैनंदिन जीवनात कुतूहल व कल्पनाशक्तीचे संवर्धन’. विषय भारदस्त आहे. मी तो माझ्या काउंटरच्या खिडकीएवढा लहान करून घेतो, म्हणजे मला पेलवेल.

कुतूहल म्हणजे ‘हे असे का?’ हा प्रश्न, आणि कल्पनाशक्ती म्हणजे ‘पलीकडच्या माणसाला हे कसे दिसत असेल?’ हा प्रश्न. माझ्यापुरती मी एवढीच व्याख्या करतो. चित्रकार, कवी, शास्त्रज्ञ यांची कल्पनाशक्ती थोर असते यात शंका नाही. आम्हा कारकुनांच्या सभेत तर रामानुजनचे नाव हमखास निघते. १९१२ साली तो मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकून होता आणि १९१३ च्या जानेवारीत त्याने केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र पाठवले. पण खरे सांगू का, अशी उदाहरणे ऐकून आपण टाळ्या वाजवतो आणि सुटतो. तो रामानुजन होता, आपण नाही, विषय संपला! म्हणून आज मी तुमच्या-माझ्या हाताला लागणाऱ्या गोष्टींबद्दलच बोलणार आहे.

आपल्या समाजाच्या बाबतीत या विषयाला एक धारही आहे. ‘का?’ हा शब्द आपल्या पूर्वजांना उच्चारायची मुभा नव्हती. सावकाराने वही पुढे सरकवायची आणि आपल्या आज्याने अंगठा उठवायचा. व्याज कसे धरले हे विचारणे म्हणजे उर्मटपणा. तो काळ गेला, पण त्याची सावली घरात रेंगाळते आहे. मूल काही विचारू लागले की आपणच म्हणतो, ‘गप बस, अभ्यास कर.’ प्रश्न विचारणे आणि अभ्यास करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ते मूल तेव्हापासून समजू लागते.

वास्तविक आपल्याकडे याच्या नेमकी उलट शिकवण आहे. कोसल देशातील केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना सांगितले, की आमच्याकडे अनेक आचार्य येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे मानावे? तुम्हाला शंका आली हे योग्यच झाले, असे भगवंतांनी त्यांना सांगितले. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू आदरणीय आहे म्हणून स्वीकारू नका, असेही सांगितले. आपण भाषणातून येथपर्यंतच सांगतो. पुढचा भाग असा, की ही गोष्ट आचरणात आणल्यावर लोभ, द्वेष वाढतो की कमी होतो, कोणाचे अहित होते की हित, हे स्वतः पडताळून पाहा. म्हणजे शंकेबरोबर माणसाचा विचारही तेथे आहेच.

आता बाबासाहेबांकडे येतो. ते किती तास वाचत, किती कमी खात, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. ते नेमके काय शोधत होते, हे मात्र फारसे सांगत नाही. लंडनला त्यांनी डी.एस्सी.साठी लिहिलेला ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. विषय वरवर अगदी रुक्ष. रुपया चांदीचा होता. १८७३ नंतर सोन्याच्या तुलनेत चांदीचे भाव कोसळू लागले. पूर्वी सुमारे दोन शिलिंगांना असणारा रुपया घसरत गेला. शेवटी १८९३ साली सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देण्याचे काम टांकसाळीत बंद केले, आणि पुढे रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स एवढा धरून ठेवण्यात आला. ही पद्धत चांगली असे केन्ससारखा अर्थशास्त्रज्ञ म्हणत होता. तिशीतल्या बाबासाहेबांनी विचारले, चांगली कोणासाठी? रुपया स्वस्त झाला की निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याचा फायदा होतो हे खरे; पण देशात महागाई वाढते आणि मजुरी तेवढ्या वेगाने वाढत नाही. तेव्हा हा फायदा देशाबाहेरून आलेला नसून एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात गेलेला असतो, असे त्यांनी मांडले. आकड्यांच्या त्या जंगलात त्यांना मजूर दिसला. मी ज्याला कल्पनाशक्ती म्हणतो ती ही.

याच ग्रंथाची आणखी एक गंमत आहे. त्याला प्रस्तावना आहे ती त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची. आणि त्या प्रस्तावनेत, मला याचे बहुतेक युक्तिवाद मान्य नाहीत, असे कॅनन स्वच्छ लिहितात! तरीही त्यांनी शिष्याच्या ताज्या विचारांचे कौतुक केले आणि शिष्याने ती प्रस्तावना छापली. आपल्या संस्थांमधून असा मतभेद किती जणांना पचेल, हे ज्याचे त्याने पाहावे.

जाता जाता एक सांगतो. रिझर्व्ह बँक या ग्रंथातून जन्मली, असे वाक्य आपण जयंतीच्या फलकावर लिहितो आणि थांबतो. रुपयाविषयीच्या शाही आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष झाली, आयोगाचा अहवाल १९२६ साली आला, कायदा १९३४ साली झाला आणि बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. या वाटेवर अनेकांचा हात होता. त्यात बाबासाहेबांचा वाटा नेमका कोणता, हे ती साक्ष स्वतः वाचून शोधा. अभिमान फलकावर वाचून येतो तसा ग्रंथ वाचूनही येतो, आणि तो जास्त टिकतो.

आता माझ्या काउंटरवर या. तुमच्या खिशातले एखादे नाणे काढा आणि सालाच्या खाली पाहा. तेथे बारीक हिऱ्यासारखी खूण असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीत पडले, चांदणी असेल तर हैदराबादला, ठिपका असेल तर नोएडाला, आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याला. मला कोणी सुट्टे पैसे मोजायला बसवले की मी पूर्वी कंटाळत असे. ही खूण कळल्यापासून मोजणीत थोडी करमणूक असते. नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी असते. त्यात मराठी कितवी आणि तिथेच का, हे घरी जाऊन शोधा. उत्तर सोपे आहे, पण मी सांगणार नाही.

त्याच नोटेच्या पुढच्या बाजूला, दोन्ही कडांना, उंच उठलेल्या तिरप्या रेघा आहेत. शंभराच्या नोटेवर चार, दोनशेच्या नोटेवर चार रेघा आणि मध्ये दोन वर्तुळे, पाचशेवर पाच. त्या नक्षीसाठी नाहीत. ज्याला दिसत नाही त्याने बोटांनी नोट ओळखावी म्हणून आहेत. कोणीतरी अधिकारी टेबलाशी बसून डोळे मिटून विचार करत असेल, तेव्हाच हे सुचले असणार. नोट जुनी झाली की त्या रेघा झिजतात. आमच्याकडे एक अंध ग्राहक पेन्शन घ्यायला येतात, त्यांना मी होता होईल तो कोऱ्या नोटा देतो. यासाठी परिपत्रक लागत नाही.

पत्ता लिहिताना आपण पिनकोड लिहितो. आपल्या देशात एकाच नावाची असंख्य गावे, पत्ते दहा लिप्यांत लिहिलेले, अक्षर वाचता येईलच असे नाही. टपाल निवडणाऱ्या माणसाने काय करावे? डाक-तार खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी यावर सहा आकडी संकेतांकाची योजना आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, आपला चार. पहिले तीन आकडे मिळून टपाल निवडीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. हे वेलणकर कोकणातले आणि संस्कृतचे कवी व नाटककार होते. आर्ट्सवाल्यांना आकड्यांचे काय कळते, असे म्हणणाऱ्यांना मी हे नाव ऐकवतो. आमच्या धनादेशाच्या तळाशी जो नऊ आकडी क्रमांक असतो त्याचे पहिले तीन आकडे शहराचे. मुंबईचे ४००, पुण्याचे ४११, नागपूरचे ४४०. हे पिनकोडचेच आहेत, हे मला ग्राहकाच्या एका मुलाने दाखवले होते!

आता ज्यासाठी मी हे बोलायला उभा राहिलो तो प्रसंग सांगतो. बारावीत शिकणारी एक मुलगी आईबरोबर पासबुक भरून घ्यायला आली. आईला पिठाच्या गिरणीसाठी एक लाख रुपयांचे कर्ज हवे होते आणि एका वित्त कंपनीचा कागद तिच्या हातात होता. दर दहा टक्के, मुदत तीन वर्षे, हप्ता ३,६११ रुपये. सही व्हायची होती. मुलगी म्हणाली, ‘काका, एक विचारू? शेवटच्या महिन्यात आमच्याकडे मुद्दल फक्त २,७७८ रुपये उरतात. त्यावर एका महिन्याचे ८३३ रुपये व्याज कसे?’

मी कागद पाहिला. ‘फ्लॅट रेट’ होता. म्हणजे हप्त्यागणिक मुद्दल फिटत गेले तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावरच धरलेले. तीन वर्षांचे तीस हजार. शिल्लक मुद्दलावर हिशेब केला तर हा दर दहा नव्हे, जवळजवळ अठरा टक्के पडतो. या माय-लेकींनी हाच प्रश्न तिकडे विचारला होता आणि ‘बाळ, तुला नाही कळणार’ असे उत्तर मिळाले होते. कळले होते तर तिलाच! मी त्यांना एवढेच सांगितले, की ‘घटत्या शिल्लकेवर’ दर काय असे विचारत आणखी दोन ठिकाणी जा. त्यांना एका ठिकाणी बारा टक्के सांगितले. बारा हे दहापेक्षा जास्त, म्हणून आई बिचकली. मुलीने हिशेब करून दाखवला : हप्ता ३,३२१, एकूण व्याज साडेएकोणीस हजारांच्या आसपास. दहा टक्क्यांपेक्षा बारा टक्के दहा हजारांनी स्वस्त!

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जदाराला त्याच्या कर्जाचा खरा वार्षिक दर एका पानावर लिहून द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते पान ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ या नावाने मिळते. नियम चांगला आहे. पण पान मागणारा आणि वाचणारा पाहिजे. आमच्याकडे दहापैकी आठ जण सही कोठे करायची एवढेच विचारतात, आणि त्यात पदवीधरही असतात. आज्याचा अंगठा गेला आणि त्या जागी नातवाची सही आली, एवढाच फरक पडणार असेल तर शिकून काय उपयोग झाला?

म्हणून स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांशी थोडे स्पष्ट बोलतो. तुम्ही संस्थेच्या अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत बसता, याचे मला मनापासून कौतुक आहे. पाठांतर लागतेच; मीही केले आहे. पण रिझर्व्ह बँकेची स्थापना १९३५, एवढे पाठ करून पुढच्या प्रश्नावर जाऊ नका. ती १९३५ च्या आधी का नव्हती, तोवर नोटा कोण छापत होते, हे दोन मिनिटे स्वतःला विचारा. आता तर मोबाईलला विचारले की उत्तर क्षणात मिळते. त्याला माझा विरोध नाही. पण मोबाईल आपण विचारू त्याचेच उत्तर देतो. त्या मुलीने मोबाईलला ‘हप्ता किती’ असे विचारले असते तर त्याने ३,६११ बरोबर सांगितले असते. शेवटच्या महिन्याकडे पाहायचे तिलाच सुचले.

पालकांना एकच विनंती आहे. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, चल शोधू’ असे म्हणा. यात कमीपणा नाही. माझे वडील गिरणीत होते, शिक्षण चौथी. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची का लिहितात, असे मी विचारले तेव्हा ते मला थेट स्टेशन मास्तरांच्या खोलीत घेऊन गेले. मास्तरांनी समजावून सांगितले. ते काय म्हणाले यापेक्षा वडील तेथे हात जोडून न उभे राहता खुर्ची ओढून बसले, हे मला जास्त लक्षात आहे.

अध्यक्षांच्या परवानगीने अभ्यासिकेत आजपासून एक दोनशे पानी वही ठेवत आहे. ज्याला जो प्रश्न पडेल तो त्याने नाव न घालता लिहावा आणि ज्याला उत्तर सापडेल त्याने खाली लिहावे, कोठे सापडले तेही लिहावे. पहिले तीन प्रश्न मी लिहून ठेवले आहेत. आपल्या वस्तीला पाणी पहाटेच का येते आणि ही वेळ कोण ठरवते? पगारपत्रकावर भविष्य निर्वाह निधीची कपात दिसते, ती खात्यात खरोखर जमा झाली हे कामगाराने कसे पाहायचे? आणि तिसरा, नोटेवरच्या भाषांचा, मघाशी सांगितला तो. वही दाराजवळच्या टेबलावर आहे. पेन दोऱ्याने बांधले आहे. आम्हा बँकवाल्यांची ती खोड आहे, राग मानू नये. जयभीम.