शाळेची परसबाग : आहारदान आणि ज्ञानदान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी गत पन्नास वर्षांचे कृतज्ञतेने स्मरण करावे आणि पुढील वाटचालीची दिशा ठरवावी, अशी आपली परंपरा आहे. गतकार्याचे स्मरण माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहे. मी पुढील वाटचालीसाठी एक विषय आपल्यासमोर ठेवणार आहे. आपल्या गावची शाळा, तिच्या आवारातील मोकळी जागा, दुपारी तेथे जेवणारी मुले आणि गावाभोवतालची आपली शेती यांचा परस्परांशी संबंध कसा जोडता येईल, हा तो विषय होय.

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चार दाने आपल्या शास्त्रकारांनी श्रावकाला सांगितली आहेत. एरवी ही दाने आपण वेगवेगळ्या ठिकाणी करतो. अन्नछत्र एका जागी, दवाखाना दुसऱ्या जागी आणि शिष्यवृत्ती तिसऱ्या जागी, अशी आपली व्यवस्था असते. शाळेची परसबाग हे मात्र असे स्थान आहे की जेथे ही चारही दाने एकत्र येतात. मुलाच्या ताटात ताजी भाजी पडते, हे आहारदान. त्या भाजीने रक्तक्षय दूर राहण्यास साहाय्य होते, हे औषधदान. बी कसे रुजते हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते, हे ज्ञानदान. आणि विषारी फवारणीवाचून पीक घेता येते हे ते शिकते, तेव्हा असंख्य सूक्ष्म जीवांना अभयदान मिळते.

शेती आणि शिक्षण यांचे नाते आपल्या समाजाला नवे नाही. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी प्रजेला असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविल्याचे वर्णन आहे. त्यात कृषी आणि विद्या शेजारी शेजारी आहेत. आपल्या दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज तर प्रामुख्याने शेतकरीच. कृष्णा, वारणा आणि पंचगंगा यांच्या काठांवर पिढ्यान्पिढ्या नांगर धरणाऱ्या या समाजातूनच कर्मवीर भाऊराव पाटील उदयास आले. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे त्यांचा जन्म झाला. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. त्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्यास भेट दिली आणि छत्रपती शाहूंचे नाव त्या वसतिगृहास लाभले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत विद्यार्थ्यांनी शेतात घाम गाळला आणि त्या श्रमातून शिक्षण घेतले. वसतिगृहातील मुलांना अन्न मिळावे म्हणून सौ. लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, हे तर महाराष्ट्राला ठाऊकच आहे. शाळेच्या परसबागेचा विचार करताना आपण कोणाच्या वाटेने जात आहोत, हे यावरून ध्यानात यावे.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. प्रारंभी अनेक राज्यांत मुलांना कोरडे धान्य मिळे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने त्यास हक्काचे रूप दिले आणि २०२१ मध्ये योजनेचे नाव ‘पीएम पोषण’ असे झाले. या योजनेच्या प्रमाणानुसार प्राथमिक वर्गातील मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी, तर उच्च प्राथमिक वर्गासाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. तांदूळ आणि डाळ साठवून ठेवता येते. भाजी साठवता येत नाही. ती रोज ताजी आणावी लागते, तिचा भाव रोज बदलतो, आणि अनुदान येण्यास विलंब झाला की पहिली काटकसर भाजीतच होते.

या काटकसरीची किंमत मुले मोजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. हीच बालके पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात.

येथे मी थोडे स्पष्ट बोलणार आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शाकाहारी समाजांतून त्यास विरोध झाला. आपल्यापैकी अनेकांनी निवेदने दिली. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यासाठीचा निधी थांबविला. आपल्या श्रद्धेनुसार मत मांडण्याचा अधिकार आपणास आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या मुलाच्या घरी आठवड्यातून दोन वेळा डाळ शिजत नाही, त्या मुलाच्या ताटातून एक पदार्थ कमी व्हावा असे आपण म्हणतो, तेव्हा त्या रिकाम्या जागी काय ठेवणार, या प्रश्नाचे उत्तर देण्याचे दायित्व आपल्यावर येते. निवेदनावरील स्वाक्षरीने ते दायित्व संपत नाही. भाजी, कडधान्य, शेंगदाणे, दूध आणि फळे यांनी ते ताट भरले, तरच आपली अहिंसा त्या मुलापर्यंत पोहोचली असे म्हणता येईल.

हे ताट कसे भरावे? केंद्र शासनाने २०१९ मध्ये शाळांतील पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्या राज्यातही अनेक शाळांनी परसबागा फुलविल्या आहेत. तथापि परसबागेकडून अपेक्षा नेमकी ठेवावी. शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेस रोज ५ किलो भाजी लागते. वर्षात २०० दिवस आहार शिजला असे धरले, तर १,००० किलो म्हणजे १० क्विंटल भाजी झाली. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. एवढ्या जागेतून आणि मुलांच्या हातून वर्षभर ही सर्व भाजी निघेल, अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य नव्हे. परसबागेतून पालेभाजी, कढीपत्ता, कोथिंबीर, लिंबू, शेवगा एवढे मिळाले तरी आमटीची चव आणि गुण दोन्ही वाढतात. बागेचे मुख्य काम शिकविण्याचे आहे. पोसण्याचे काम शेताने करावे.

आणि येथेच आपल्यासारख्या बागायतदार समाजाचा संबंध येतो. वरील १० क्विंटल भाजीचा भार दहा शेतकरी कुटुंबांनी वाटून घेतला, तर एका कुटुंबाच्या वाट्यास वर्षाला एक क्विंटल येते. म्हणजे दर दहा शालेय दिवसांतून एक दिवस ५ किलो भाजी. एकरी उसाचे टन मोजणाऱ्या शेतकऱ्यास हा भार जड नाही. उसाच्या बांधावर शेवग्याची चार झाडे आणि पाटाच्या कडेला भोपळ्याचे दोन वेल लावले, तरी यातील बराच भाग भागेल. ज्यास शक्य आहे त्याने दान द्यावे. अल्पभूधारकाकडून मात्र शाळेने योग्य दर देऊन भाजी घ्यावी. त्याच्या गरिबीवर आपले पुण्य उभे राहू नये. तसेच समाजाची भाजी येते म्हणून शासनाचे अनुदान खर्ची पडू नये, असेही होता कामा नये. आपले दान हक्काच्या आहारात भर घालण्यासाठी असावे.

काही श्रावकांच्या मनात एक शंका येते. माती खणणे, पाणी देणे, तण काढणे यात जीवहिंसा होते. मग मुलांना ते शिकवावे काय? आपल्या आचारशास्त्राने संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे भेद सांगितले आहेत. त्यांतील संकल्पी हिंसा श्रावकाने सर्वथा त्यागावी. आरंभी आणि उद्योगी हिंसा गृहस्थास पूर्णतः टाळता येत नाही. ती यत्नपूर्वक कमी करावी. हा यत्नाचार शिकविण्यास बागेसारखी दुसरी शाळा नाही. पालापाचोळा जाळू नये, कुजवून त्याचे खत करावे. जमीन पाल्याने आच्छादावी, म्हणजे खुरपणी आणि पाणी दोन्ही कमी लागतात. भाज्यांच्या कडेने झेंडू लावावा, पिकांची फेरपालट करावी, कोवळ्या रोपांवर जाळी धरावी, म्हणजे कीड मुळात कमी येते. मुलाने ‘हे का करायचे?’ असे विचारले, की धर्म आणि विज्ञान दोन्ही एकाच वाफ्यावर समजावून देता येतात.

आपण कंदमुळे वर्ज्य मानतो, आणि चातुर्मासात अनेक घरी पालेभाजी घेत नाहीत. आपल्या संस्थेच्या पाठशाळेत वा वसतिगृहात हा नियम सहज पाळता येईल. पावसाळ्यात भेंडी, गवार, दोडका, काकडी, घेवडा, भोपळा ही पिके घ्यावीत आणि पालेभाजी हिवाळ्यासाठी राखावी. परंतु गावची शाळा सर्वांची आहे. तेथे गाजर-मुळा लावावा की नाही, हे शाळेने ठरवावे. आपण भाजी देताना आपल्या आचारानुसार द्यावी आणि इतरांच्या वाफ्यावर अट घालू नये.

परसबागेचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशी जुळणे आवश्यक आहे. जूनमध्ये शाळा भरताच वाफे तयार करून भेंडी-गवार पेरली, तर ऑगस्टमध्ये तोडणी सुरू होते. दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास मेथी, पालक, कोथिंबीर, टोमॅटो आणि पावटा यांची लागवड करावी. मेथी महिन्याभरात काढणीस येते, त्यामुळे लहान वर्गांनी तीच घ्यावी. मुलांचा उत्साह टिकतो. मार्च-एप्रिलमध्ये शेंगा वाळवून बियाणे काढावे, कारण स्वतःचे बी राखण्याइतके मोठे स्वावलंबन नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासारख्या गावठी भाज्यांचे वाण जपले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. प्रत्येक शाळेने आपल्या परिसरातील दहा वाण जपले, तरी ते मोठे कार्य ठरेल.

बहुतेक परसबागा मे महिन्यात मरतात. उद्घाटनाचा फलक शिल्लक राहतो आणि वाफे वाळून जातात. म्हणून शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई अशी टिकणारी झाडे आरंभीच लावावीत, त्यांच्या बुडाशी आच्छादन करावे, आणि सुट्टीतील पाण्याची जबाबदारी नावानिशी वाटून द्यावी. शाळा सुरू असताना मुलांच्या हात धुण्याचे पाणी चरातून बागेकडे वळविले, तर वेगळ्या पाण्याची गरज पुष्कळ कमी होते.

साधनांची उणीव आहे असे आपण समजतो; वस्तुतः ती विखुरलेली आहेत. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडे तज्ज्ञ आणि मार्गदर्शन आहे. कृषी विद्यापीठांकडे खात्रीचे बियाणे आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार प्रत्येक शासकीय आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती आहे व तीत पालकांना स्थान आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना, कारागीर आणि व्यावसायिकांच्या सान्निध्यात शिकण्याची सूचना आहे. त्यातील काही दिवस आपल्या शेतावर जावेत. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापिला आणि ग्रामीण शाळांतून शेतीसह हातांनी काम करीत शिकण्याचा अभ्यासक्रम रुजविला. तो पाहण्यासाठी आपल्या शिक्षकांना अवश्य पाठवावे. पोषण आहार योजनेत समाजाने विशेष दिवशी भोजन देण्याची सोयही आहे. गुजरातेत तिला तिथिभोजन म्हणतात, आपल्याकडे स्नेहभोजन. आपण वाढदिवसाला वा पुण्यतिथीला शाळेत जिलेबी वाटतो. त्याऐवजी हरभऱ्याची उसळ, शेंगदाणा-गुळाचा लाडू आणि पेरू दिला, तर ती तिथी मुलांच्या अंगी लागेल.

शेवटी, या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या ट्रस्टने तीन संकल्प करावेत, अशी माझी नम्र विनंती आहे. पहिला, एकाच शाळेची निवड करावी आणि किमान पाच वर्षे तिची साथ सोडू नये. दहा शाळांच्या उद्घाटनापेक्षा एका बागेचा पाचवा उन्हाळा अधिक मोलाचा आहे. दुसरा, दहा शेतकरी कुटुंबांची यादी करावी. भाजी वजन करून, नोंदवहीत लिहून द्यावी, आणि फवारणीनंतरचा प्रतीक्षा काळ उलटल्याशिवाय कोणतीही भाजी शाळेत जाऊ देऊ नये. तिसरा, बागेसाठी लहानसा कायमनिधी ठेवावा आणि त्यातून कुंपण, पाण्याची टाकी व उन्हाळ्यातील माळ्याचे मानधन भागवावे. स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना या समितीत मानाचे स्थान द्यावे, कारण कोणती भाजी मुले खातात आणि कोणती ताटात टाकतात, हे त्यांच्याइतके कोणासही ठाऊक नसते.

आपल्या पूर्वजांनी मंदिरे बांधली, वसतिगृहे उभारली. त्या सर्व वास्तूंच्या मुळाशी शेतातील धान्य होते. त्याच शेतातील मूठभर भाजी आज शाळेच्या ताटापर्यंत जावी आणि त्या ताटावर बसणारे मूल कोणत्या घरचे आहे हे कोणी विचारू नये, एवढीच प्रार्थना करतो. 

जय जिनेंद्र!